पन्नासपैकी ३१: मार्क देताना आपण नक्की काय मोजतो?

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ना', 'हां' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. बसमध्ये असाल, इयरफोन घरी राहिला असेल, तर वाचा.)

आजचा विषय आहे मार्क. घाबरू नका, मी कुणाचे विचारणार नाहीये. आज मी मी दिलेल्या मार्कांबद्दल बोलणार आहे.

झालं असं. मला बीटेक होऊन सात वर्षं झाली, नोकरी सॉफ्टवेअरमधली. गेल्या वर्षी मे महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजातून फोन आला. फायनल इयरच्या प्रोजेक्ट व्हायवाला एक्स्टर्नल म्हणून याल का? मी लगेच हो म्हणाले. खरं सांगू, जरा भारीच वाटलं. ज्या टेबलासमोर घाम फुटायचा, त्याच टेबलाच्या पलीकडे बसायचं. चहा-बिस्किटं आपल्या बाजूला!

दिवसभरात १२ ग्रुप, प्रत्येकात चार जण, म्हणजे ४८ मुलं. एका ग्रुपला साधारण २० मिनिटं. माझ्या शेजारी कॉलेजचे सर, अंतर्गत परीक्षक. समोर एक कागद: सीट नंबर, नाव आणि ५० पैकी मार्क. बस. एकच रकाना. ५० पैकी कशाचे किती, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं. आणि मीही विचारलं नाही.

नववा ग्रुप आला तेव्हा तीन वाजून गेले होते. प्रोजेक्ट छान होता. कांद्याच्या चाळीत तापमान आणि आर्द्रता मोजायची, आणि दमटपणा वाढला की शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज. एक मुलगा उभा राहिला आणि सुरू झाला. फाडफाड इंग्रजी, स्लाइड झकास, मध्ये एक विनोदसुद्धा. मी खूश! दुसरा मुलगा शेवटच्या खुर्चीवर. त्याला विचारलं, "व्हॉट वॉज युवर कॉन्ट्रिब्युशन?" तो अडखळला. "मॅडम, आय डिड... कोडिंग पार्ट..." आणि पुढे शब्द सापडेना. मी मान हलवली, पुढचा प्रश्न दुसऱ्याला विचारला.

कागदावर पेन्सिलने लिहिलं. बोलणारा, ४६. शेवटच्या खुर्चीवरचा, ३१.

मग चहाची सुट्टी झाली. सवयीप्रमाणे फोन काढला आणि त्यांच्या रिपोर्टवरची गिटहबची लिंक उघडली. कुठला बदल कुणी केला याची तिथे नोंद राहते, हे तुम्हाला माहीत असेलच. जवळजवळ सगळा कोड त्या शेवटच्या खुर्चीवरच्या मुलाच्या नावावर होता. रात्री दोन वाजताचे, अडीच वाजताचे बदल.

आता नुसत्या नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. एकाच लॅपटॉपवर चौघं बसून काम करतात, नाव एकाचंच दिसतं. म्हणून मी सरांना विचारलं, परत बोलवू का? सर म्हणाले, "बोलवा की. पेन्सिलनेच आहेत अजून. पाचला पोर्टलवर भरायचेत, त्याच्या आत काय ते करा."

चौघांना परत बोलावलं. म्हटलं, आत्ता तुमचा सेन्सर एकदा जरी जास्त आर्द्रता दाखवतो, तरी लगेच मेसेज जातो. ते बदला. शेवटच्या पाच रीडिंगची सरासरी घ्या आणि मगच मेसेज पाठवा. इथेच, आत्ता. आणि मराठीत बोला हो, काही बिघडत नाही.

बोलणाऱ्या मुलाला कोणती फाइल उघडायची तेच कळेना. शेवटच्या खुर्चीवरच्या मुलाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पाच-सात मिनिटांत करून दाखवलं. वर म्हणाला, "मॅडम, बोर्ड चालू केल्यावर पहिली चार रीडिंग येईपर्यंत सरासरी काढता येणार नाही, तोवर काय करायचं ते पण ठरवावं लागेल." मी हे विचारलंही नव्हतं!

३१ चे ४५ झाले. ४६ चे ३६ झाले. चूक सुधारली, शाब्बास मी. असंच वाटलं ना? मलाही वाटलं. दोन मिनिटंच. कारण मग लक्षात आलं की आधी आठ ग्रुप होऊन गेले होते. ३२ मुलं. त्यांना मी कुठलाही बदल करायला सांगितला नव्हता. त्यांच्यातही कुणीतरी शेवटच्या खुर्चीवर बसलं असेलच की. सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, निम्मी पोरं स्टँडवर पोचली असतील." शेवटच्या तीन ग्रुपांना मी तोच नवा प्रश्न विचारला. म्हणजे एकाच दिवशी, एकाच परीक्षेत, ३२ मुलांना एक फूटपट्टी आणि १६ मुलांना दुसरी. आणि त्या कागदावर सही माझी.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून वाचायला लागले. न्याय्य मूल्यमापन म्हणजे नक्की काय, हे आज आपल्या भाषेत समजून घेऊ.

काटा बरोबर आहे, पण वजन कशाचं?

दोन शब्द लक्षात ठेवा: विश्वासार्हता आणि वैधता. शब्द जड आहेत, गोष्ट सोपी आहे.

वाण्याच्या काट्यावर एक किलो साखर ठेवली. आज एक किलो, उद्याही एक किलो, दुकानदाराने मोजली तरी तेवढीच आणि त्याच्या मुलाने मोजली तरी तेवढीच. ही झाली विश्वासार्हता. आता त्याच काट्यावर मी तुम्हाला उभं केलं आणि म्हटलं, तुमची उंची ५८! काटा एकदम बरोबर आहे. पण तो उंची मोजतच नाही. इथे वैधता गेली.

परीक्षेत दोन्ही लागतात. कुणीही तपासलं तरी साधारण तेवढेच मार्क पडले पाहिजेत, आणि ते मार्क ज्या गोष्टीचे म्हणून दिलेत त्याच गोष्टीचे असले पाहिजेत.

पहिल्या गोष्टीचा एक जुना प्रयोग आहे. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी शाळेतल्या एका मुलाचा इंग्रजीचा पेपर घेतला, त्याच्या प्रती काढल्या आणि वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी मार्क दिले. पेपर एकच. सगळ्यांत कमी मार्क ६४, सगळ्यांत जास्त ९८! लोक म्हणाले, भाषेचा पेपर आहे, ज्याची त्याची आवड. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. गणितात कसली आलीये आवड? तर तिथे मार्क आले २८ पासून ९५ पर्यंत. कुणी फक्त उत्तर बघत होतं, कुणी पायऱ्या, कुणी टापटीप. प्रत्येकाच्या मनातला काटा वेगळा.

म्हणजे नापास आणि डिस्टिंक्शन यांच्यामधलं अंतर कधीकधी पोराच्या अभ्यासात नसतं, गठ्ठा कुणाच्या टेबलावर पडला यात असतं.

मी त्या व्हायवात जे केलं त्यालाही नाव आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले. त्याच्या लक्षात आलं की एका गुणात माणूस आवडला की बाकी सगळ्या गुणांतही त्याला वरचे शेरे मिळतात. याला हेलो इफेक्ट म्हणतात. देवाच्या फोटोत डोक्यामागे प्रभावळ असते ना, तसं. एक गोष्ट चमकली की सगळा माणूस चमकायला लागतो. माझ्यासाठी ती चमक होती इंग्रजीची. मी स्वतः बारावीपर्यंत जेमतेम इंग्रजी बोलणारी मुलगी, आणि मीच हे केलं. म्हणून सांगते, 'मी असं करणार नाही' याच्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःच्यासुद्धा.

सबमिशन नावाचा सोहळा

आता दुसरी गोष्ट, वैधता. इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाला सबमिशनचा आठवडा आठवत असेल. सीनियरची फाइल, त्यावरून आपली फाइल, आपल्यावरून ज्युनियरची फाइल. पिढीजात धंदा! आमच्या वेळी एका प्रॅक्टिकलच्या 'कन्क्लुजन'मध्ये शब्दलेखनाची एक चूक होती आणि ती चूक वर्गातल्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये होती. डिफॉल्टर लिस्टच्या भीतीने रात्रभर पानं भरली आणि टर्मवर्क मिळालं २५ पैकी २३. मला २३, रूममेटला २३, ज्याने लॅबचं तोंड पाहिलं नव्हतं त्यालाही २२.

या २३ ने काय मोजलं? अक्षर, चिकाटी, आणि झेरॉक्सच्या दुकानातली ओळख. प्रोग्रॅमिंग नाही मोजलं. काट्यावर उंची मोजली.

लेखी पेपरचंही तेच. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. २००१ मध्ये त्या थोड्या बदलल्या. आज त्या अशा सांगतात: आठवणं, समजणं, वापरणं, सुटं करून बघणं, पारखणं आणि नवं घडवणं. आता तुमचा जुना पेपर काढा. 'व्याख्या लिहा', 'फरक सांगा', 'टीप लिहा' यातच किती मार्क जातात ते मोजा. ही सगळी पहिली-दुसरी पायरी. म्हणूनच लोकल ऑथरचं पुस्तक आणि परीक्षेची आदली रात्र, एवढ्यावर आपण पास होतो. आणि नंतर इंटरव्ह्यूमध्ये कुणी पाचवी पायरी विचारली की पाय लटपटतात.

कागदावर व्यवस्था बदलली आहे बरं का. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्ड या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सदस्य झाला. आपल्याकडून त्यात एनबीए आहे, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. तेव्हापासून प्रत्येक विषयाला 'कोर्स आउटकम' लिहायची पद्धत पक्की होत गेली. विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, याची ती यादी. बऱ्याच कॉलेजांत पेपरवर प्रश्नापुढे बारीक अक्षरात 'सीओ ३' वगैरे छापलेलं असतं. आपण कधी बघत नाही. बघा. तो प्रश्न तुमच्यात काय मोजतोय असा त्यांचा दावा आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. दावा आणि प्रश्न जुळत नसतील, तर नम्रपणे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

सारखं म्हणजे न्याय्य का?

इथे एक गंमत आहे. 'सगळ्यांना सारखं' म्हणजेच न्याय असं आपल्याला वाटतं. पण नेहमी तसं नसतं.

ज्याला हाताने लिहायला त्रास होतो अशा मुलाला तीनच तास दिले तर पेपर त्याचा विषय मोजेल की हात? केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा दिव्यांग विद्यार्थ्यांना तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ द्यायला सांगितलंय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ही काही मेहेरबानी नाही, काटा शून्यावर आणणं आहे ते. मी त्या मुलाला मराठीत बोल म्हणाले, तेही तसंच. प्रोजेक्ट मोजायचा होता, इंग्रजी नाही. एआयसीटीईने २०२१ पासून काही कॉलेजांना प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी दिली आहे. पण वर्ग मराठीत आणि व्हायवा इंग्रजीत झाला तर काय उपयोग?

मग ग्रेडिंगचा वाद. दोन पद्धती आहेत. एकीत रेषा आधीच ठरलेली: इतके मार्क, ही ग्रेड. दुसरीत वर्गातल्या इतरांशी तुलना. समजा ६० जणांच्या वर्गात पहिल्या सहा जणांनाच वरची ग्रेड द्यायची ठरली. तुम्हाला ८४ पडले, पण सहा जण ८५ च्या वर आहेत. गेली ग्रेड. शेजारच्या डिव्हिजनमध्ये ७८ वाल्याला तीच ग्रेड मिळाली. पेपर अचानक फार अवघड निघाला तर ही तुलनेची पद्धत सगळ्यांना वाचवते, हे खरं. पण मित्राला समजावून सांगितलं तर आपलंच नुकसान, हेही ती हळूच शिकवते. म्हणून माझं मत असं: वर्ग लहान असेल, किंवा विषय 'हे यायलाच हवं' असा असेल, तर रेषा आधी ठरलेली बरी. पुलाचं डिझाइन करणाऱ्याने पूल उभा राहील एवढं शिकलेलं असलं पाहिजे. वर्गात तो सहावा आला की सातवा, याचं पुलाला काय?

मग करायचं काय?

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड तपासायला टेस्ट लिहितो. चांगली सवय अशी की कोड लिहायच्या आधी टेस्ट लिहायची. का? कोड लिहून झाल्यावर टेस्ट लिहिली की माणूस नकळत पास होईल अशीच टेस्ट लिहितो. मार्कांचंही तसंच आहे. मूल समोर आल्यावर निकष ठरवले की चेहरा बघून ठरतात. हे माझ्या हिशेबी सगळ्यात मोठं सूत्र: निकष आधी, चेहरा नंतर.

याला रुब्रिक म्हणतात. त्या ५० मार्कांचं असं करता आलं असतं:

• प्रश्न नीट समजून मांडला का: १० मार्क
• यंत्र किंवा प्रोग्रॅम चालतो का, त्याची तपासणी केली का: १५ मार्क
• स्वतःच्या भागात समोर एक छोटा बदल करून दाखवला का: १५ मार्क
• आपल्या प्रोजेक्टच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगितल्या का: ५ मार्क
• सादरीकरण: ५ मार्क

सादरीकरणाला मार्क आहेत, लक्षात घ्या. छान बोलणं हेही कौशल्यच आहे. त्या ४६ वाल्या मुलावर माझा राग नाही. पण ५० पैकी ५ चं कौशल्य ५० च्या ५० वर पसरू द्यायचं नाही. आणि हा कागद मुलांच्या हातात आधी द्यायचा. पेपर फुटला असं काही होत नाही. काय मोजणार हे कळलं, उत्तर नाही कळलं.

लेखी पेपर तपासायच्याही दोन साध्या युक्त्या आहेत. पहिली, एक उत्तरपत्रिका अथपासून इतिपर्यंत तपासायची नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. म्हणजे पहिल्या प्रश्नाची प्रभावळ दुसऱ्यावर पडत नाही. दुसरी, नाव झाकायचं. विद्यापीठाच्या परीक्षेत हे होतंच, कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत सहसा होत नाही.

तिसरी गोष्ट, दोन तपासनीस. पण दोघांनी आधी वेगवेगळे मार्क लिहायचे, मग उघडायचे. आमच्या पॅनेलवर आम्ही दोघं होतो, पण मी आकडा मोठ्याने म्हणायचे आणि सर "हां, ठीक आहे" म्हणायचे. खुर्च्या दोन, काटा एकच.

चौथी, एकाच रीडिंगवर निकाल नको. त्या पोरांना मी काय सांगितलं होतं? पाच रीडिंगची सरासरी घ्या. आणि स्वतः मात्र २० मिनिटांतल्या एका रीडिंगवर मोकळी झाले. वर्षभरात छोट्या छोट्या तपासण्या झाल्या तर एका दिवसाचा ताप, एक हुकलेली एसटी, एक घाबरलेला क्षण सगळं वर्ष गिळत नाही.

पाचवी, नुसता आकडा देऊ नका, काय चुकलं ते सांगा. रूथ बटलर यांचा १९८८ चा इस्राएलमधला शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. काहींना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारले ते फक्त शेरा मिळालेले. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. का, ते आपल्याला माहीतच आहे. पेपर हातात आला की आपण आधी आकडा बघतो, मग शेजाऱ्याचा आकडा बघतो. शेरा वाचतो कोण?

आणि एआयचं काय? घरी दिलेली असाइनमेंट आता चॅटजीपीटी लिहून देतो. काही जण म्हणतात, पकडणारं सॉफ्टवेअर लावा. ओपनएआयने स्वतःच असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केलं. अशा साधनाच्या भरवशावर एखाद्याला चोर ठरवणं म्हणजे बिघडलेल्या काट्यावर सोनं विकणं. त्यापेक्षा समोर बसवा आणि म्हणा, यात हा एक बदल करून दाखव. ज्याने समजून केलंय तो करेल, कुणाचीही मदत घेतलेली असो.

सगळा दोष सरांचा?

नाही. एका वर्गात ६०-७० मुलं, त्यावर अ‍ॅडमिशनची कामं, मान्यतेच्या फायली, आणि पेपरचे गठ्ठे. वरचं सगळं करायला वेळ लागतो, आणि तो वेळ शिक्षकाला द्यायची जबाबदारी कॉलेजची आहे. पण निकष आधी लिहायला एक कागद आणि अर्धा तास पुरतो. तो माझ्याकडेही होता. मी वापरला नाही.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

एक, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारा: अंतर्गत मार्क कशाचे किती? शेवटी विचारलं की ते भांडण वाटतं, सुरुवातीला विचारलं की अभ्यासू वाटतं.

दोन, "सर, मार्क वाढवा ना" म्हणू नका. "सर, माझे कुठल्या मुद्द्याला गेले?" असं विचारा. पहिल्या वाक्याला नाही म्हणणं सोपं असतं. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

तीन, तुमची उत्तरपत्रिका बघायचा हक्क तुम्हाला आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थी माहिती अधिकारात ती पाहू शकतो. अर्जाला उत्तर द्यायची मुदत साधारण ३० दिवसांची असते. पण विद्यापीठाची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत बरेचदा त्याहून कमी असते. म्हणून निकाल लागल्या लागल्या आधी विद्यापीठाचं परिपत्रक बघा, तारीख लिहून ठेवा, तो अर्ज आधी भरा.

चार, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणी काय केलं याची नोंद ठेवा. गिटवर ठेवा, वहीत ठेवा, निदान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठेवा. शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. दर वेळी चहाच्या सुट्टीत कुणी लिंक उघडेलच असं नाही.

या वर्षी

या मे महिन्यात त्याच कॉलेजात परत गेले. तीन आठवडे आधी सरांना वरच्यासारखा एक पानाचा कागद पाठवला. सरांनी त्यात दोन बदल केले आणि तो मुलांच्या ग्रुपवर टाकला. व्हायवाच्या दिवशी आम्ही दोघांनी वेगवेगळे मार्क लिहिले. सहा मुलांच्या बाबतीत आमच्यात पाचपेक्षा जास्त मार्कांचा फरक निघाला. त्या सहा जणांबद्दल बसून बोललो. तीन ठिकाणी मी चुकले होते, दोन ठिकाणी सर. एकाबद्दल आमचं अजूनही एकमत नाही, तिथे मधला आकडा लिहिला.

संध्याकाळी निघताना एक मुलगा जिन्यात थांबला होता. त्याचं सगळं बरं झालं होतं, बदल करून दाखवायच्या मुद्द्यात मात्र १५ पैकी ५ पडले होते. म्हणाला, "मॅडम, मला येत होतं. तुम्ही दोघं बघत होता ना, हात थरथरायला लागले."

माझ्याकडे त्याच्यासाठी रकाना नव्हता.

बसमध्ये बसल्यावर कांद्याच्या चाळीच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट आठवला. त्या पोरांनी डीएचटी-११ नावाचा स्वस्तातला सेन्सर वापरला होता, आणि एका पानावर स्वच्छ लिहिलं होतं: आर्द्रतेच्या आकड्यात अधिक-उणे ५ टक्के चूक असू शकते. पाचशे रुपयांच्या आतल्या यंत्राबद्दल एवढा प्रामाणिकपणा. आणि माणसाच्या मार्कांपुढे आपण कधी लिहितो का, अधिक-उणे इतके?

तो मुलगा खरं बोलत होता का, मला कळायला मार्ग नाही. पण सरांना मेसेज केला: पुढच्या वर्षी बदल करून दाखवायचा भाग व्हायवाच्या दोन दिवस आधी लॅबमध्ये घेऊ, त्यांच्या नेहमीच्या जागेवर, एका तासाची मुदत देऊन. सरांचं उत्तर आलं, "चालेल. पण तुम्हाला दोन चकरा होतील." होऊ देत.

आज एवढंच. तुमच्या कॉलेजात एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी मार्क द्यायची काही चांगली पद्धत वापरली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. तक्रारी पुष्कळ येतात, या वेळी चांगलं काय झालं ते ऐकायचंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!